सौम्य रहस्यकथामाला : शिफारस, वाचनक्रम आणि भाषा

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात रहस्यकथेची मागणी कोणत्या शब्दांत केली जाते, हे समीक्षेने ध्यानात घेण्याजोगे आहे. सामाजिक कादंबरीचा वाचक लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव सांगतो. रहस्यकथेचा वाचक मात्र 'झुंजार आहे का?' किंवा 'काळापहाडमधले एखादे न वाचलेले द्या' असे विचारीत आला आहे. म्हणजे मागणी पुस्तकाची नसून मालेची असते, आणि मालेची ओळख लेखकाच्या नावाने नव्हे तर नायकाच्या नावाने पटते. बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, मृत्यू १९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणाऱ्या कित्येकांना झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू या तिन्ही माला एकाच लेखणीतून उतरल्या आहेत याचे सोयरसुतक नव्हते. ही वाचकाची बेपर्वाई नव्हे. एक विशिष्ट सोबत हवी, ही त्याची गरज होती आणि त्या गरजेला नाव नायकाचेच होते.

या गरजेच्या एका शाखेला इंग्रजीत 'कोझी' असे नाव रूढ झाले आहे. मराठीत तिला 'सौम्य रहस्यकथा' म्हणणे इष्ट ठरेल. 'उबदार' हा शब्द काही जण सुचवितात, परंतु ऊब ही थंड हवेच्या मुलखातील सुखाची कल्पना आहे, वैशाखात होरपळणाऱ्या प्रदेशाला ती परकी वाटते. या प्रकारात खून होतो, पण तो वाचकाच्या डोळ्यांआड होतो. समाज लहान असतो, सारे एकमेकांस ओळखतात, शोध घेणारी व्यक्ती बहुधा हौशी असते, आणि शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली प्रथम कादंबरीत अवतरली तेव्हा सेंट मेरी मीड या खेड्यासह हा साचा जवळजवळ सिद्ध झाला. १९८९ पासून अमेरिकेत भरणाऱ्या 'मॅलिस डोमेस्टिक' या संमेलनात या परंपरेतील लेखनास ख्रिस्तीच्याच नावाने पारितोषिके दिली जातात.

ऑडेन या कवीने १९४८ साली रहस्यकथेवर निबंध लिहिताना निष्पाप भासणाऱ्या समाजात पाप प्रकट होणे आणि त्याचे परिमार्जन होणे, यांत या प्रकाराचे मर्म पाहिले. तोदोरोव्हने १९६६ साली असे दाखविले की अशा प्रत्येक कथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, जी आधीच घडून गेली आहे, आणि दुसरी तपासाची. दोन्ही विवेचने मार्मिक आहेत, परंतु दोन्ही सुट्या पुस्तकाची आहेत. मालेत एक तिसरी कथा चालू असते, ती म्हणजे शोधकाच्या आणि त्याच्या गावाच्या आयुष्याची. ती मंद चालते, पुस्तकागणिक दोन पावले. पहिल्या दोन कथा त्या त्या पुस्तकात संपतात, तिसरी संपत नाही. वाचक पुढचे पुस्तक मागतो तो तिच्यासाठी. एखादी माला कोणत्या क्रमाने वाचावी या प्रश्नाचे उत्तरही तिच्यावरच अवलंबून असते. मिस मार्पलची पुस्तके कोठूनही वाचता येतात, कारण तेथे तिसरी कथा जवळजवळ स्थिर आहे. डोरोथी सेयर्सच्या लॉर्ड पीटर विम्झी आणि हॅरिएट व्हेन यांच्या चार कादंबऱ्या (१९३०, १९३२, १९३५, १९३७) मात्र उलट क्रमाने वाचणाऱ्याने आपल्या हातांनी रसभंग ओढवून घेतला असे म्हणावे लागेल. शिफारस करणाऱ्याने प्रथम पाहावयाचे ते हे. रहस्य न फोडता सांगता येईल अशी फार थोडी माहिती असते, त्यांत वाचनक्रम ही एक आहे.

मराठीत या अर्थाने सौम्य रहस्यकथामाला आहे काय? अर्नाळकरांच्या नायकांना तो मान देण्याचा मोह आवरला पाहिजे. झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या काठावर उभे राहून न्याय करणारे वीर आहेत. त्यांचे विश्व मुंबईचे, टोळ्यांचे, पाठलागांचे आहे. वाचकाला मिळणारा दिलासा सौम्य कथेतल्यासारखाच असला, तरी त्याची सामग्री निराळी आहे. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप किंवा सुहास शिरवळकरांचे फिरोझ इराणी आणि मंदार पटवर्धन यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, या प्रकाराच्या अधिक निकट येतो. त्याच्याभोवती ओळखीचे पुणे आहे, शाळा आहे, आणि सायकलवरून पोहोचता येईल एवढे जग आहे. पण तो कुमारांसाठी लिहिला गेला, आणि प्रौढ वाचकाने तो मागितला तर तो नातवासाठी मागितला असावा असे समजले जाते. प्रौढांसाठी सौम्य माला बहुतांशी अनुवादानेच पुरविली. अभिनेते मधुकर तोरडमल यांनी ख्रिस्तीच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या, भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स आणला, आणि सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला. या तिन्हींत नवख्या वाचकाच्या हाती प्रथम द्यावा असा फेलूदाच आहे. त्याचा आणि तोपशेचा नात्याचा धागा, त्या दोघांमधील 'दादा' हे संबोधन, प्रवास आणि खाणेपिणे हे सारे मराठी घरात अनुवादाचे ओझे न जाणवता उतरते.

मराठी लेखक या प्रकाराकडे का वळला नाही याची कारणे सामाजिक असतील, पण एक कारण व्याकरणाचेही संभवते. इंग्रजीतील निनावी पत्र कोणाचे आहे हे क्रियापदावरून कळत नाही. सेयर्सच्या १९३५ च्या कादंबरीत तर ऑक्सफर्डच्या एका स्त्रीमहाविद्यालयात निनावी पत्रांनी कहर मांडलेला आहे आणि खून एकही नाही. मराठीत असे पत्र लिहिणाऱ्याने 'मी पाहत होतो' किंवा 'मी पाहत होते' असे लिहिताक्षणीच निम्मे गाव संशयातून मुक्त होते. 'मी सांगतो', 'मी सांगते' या वर्तमानकाळातही तीच गत. उलट 'मी पाहिले', 'मला सर्व ठाऊक आहे', 'मी उद्या येईन' या वाक्यांत लिंग लपून राहते. सकर्मक धातूच्या भूतकाळी कर्तरि प्रयोग होत नाही, 'मला' या चतुर्थीच्या रचनेत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाकडे पाहतच नाही, आणि भविष्यकाळ लिंगाविषयी मौन पाळतो. तेव्हा चतुर मराठी पत्रलेखक वर्तमानकाळ टाळील, अकर्मक भूतकाळ टाळील, नाही तर 'आम्ही' म्हणेल, कारण 'आम्ही आलो' हे सर्वांनाच चालते. आणि नेमकी हीच टाळाटाळ शोधकाच्या नजरेस यावी. चार ओळींच्या पत्रात एकही 'तो'कारान्त वा 'ते'कारान्त क्रियापद नसणे हा मराठीतला अस्सल दुवा आहे, आणि तो इंग्रजीत नेता यावयाचा नाही. त्यावर आणखी एक वेढा देता येतो : कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही 'मी आलो', 'मी जातो' असे बोलताना आढळतात. म्हणजे पत्रातील 'आलो'वरून पुरुषाचा निष्कर्ष काढणारा नाशिकचा फौजदार चुकेल, आणि त्याच्याच शेजारची कोल्हापूरची सासुरवाशीण त्याला मनातल्या मनात हसेल.

नपुंसकलिंग हे तर रहस्यलेखकाला मिळालेले वरदान आहे. 'रात्री कोणीतरी आलं होतं' असे साक्षीदार म्हणतो तेव्हा तो काहीच उघड करीत नाही. 'आले होते' असे म्हणाला, तर आलेला कोणी मान्य पुरुष होता हे बोलण्यातच कळते. परंतु हाच जबाब ग्रांथिक भाषेत उतरवून घेणारा कारकून 'आलं होतं'चेही 'आले होते' करतो आणि बोलीतला भेद कागदावर नाहीसा होतो. तेच 'आले' स्त्रीच्या तोंडी 'मी आले' असेही असते. (बाजारातील आल्याचा विचार येथे करण्याचे कारण नाही.) बोललेला जबाब आणि लिहिलेला जबाब यांतील या अनुस्वाराएवढ्या फरकावर एक संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते. ती अद्याप लिहिली गेली असल्यास तिची प्रसिद्धी झालेली दिसत नाही.

नात्याच्या शब्दांचा प्रश्न अनुवादात अधिक जाचक होतो. ख्रिस्तीच्या कथांतील मृत्युपत्रे 'अंकल', 'आंट', 'कझिन' या धूसर शब्दांवर तोललेली असतात. मराठीत काका की मामा, आत्या की मावशी, दीर की मेहुणा, हे पहिल्याच पानावर ठरवावे लागते, आणि ते ठरताच संपत्ती कोणत्या कुळाची व वारस कोण याचे अर्धे गणित सुटते. अनुवादक 'अंकल' तसाच ठेवतो तेव्हा त्याला आळशी म्हणण्याची प्रथा आहे. पुष्कळदा तो आळस नसून रहस्य जपण्याची धडपड असते.

१९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' या मिस मार्पल कादंबरीत दोन दुवे निव्वळ भाषेचे आहेत. एका पात्राच्या तोंडून एक नाव अधूनमधून किंचित वेगळ्या स्वराने बाहेर पडते. इंग्रजी वाचक त्याला मुद्रणदोष समजून पुढे जातो. देवनागरीत ती मात्रा ठसठशीत दिसते आणि सावध वाचक तेथेच थबकतो. दुसरा दुवा एका इंग्रजी शब्दाच्या दोन मान्य वर्णलेखनांचा आहे. देवनागरीत दोन्ही 'इन्क्वायरी' असेच लिहावे लागणार, तेव्हा तो पुसलाच जातो. एक दुवा फाजील उघडा, दुसरा गडप. अनुवादकाला येथे मराठीचे भांडार उघडता आले असते. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि 'नाहीं', 'त्यांत', 'असें' यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले. एखाद्या चिठ्ठीतील असे अनुस्वार लिहिणाऱ्याची शाळा कोणत्या काळातली हे सांगून टाकतात. मूळ कथा इंग्लंडातील असताना हा बदल कितपत मानवेल, हा वाद अर्थातच राहतो. रूपांतरात तो निःशंकपणे करावा, अनुवादात करू नये, असे येथे मत आहे.

त्याच कादंबरीत युद्धोत्तर इंग्लंडची एक खंत आहे : शेजारी राहावयास आलेला मनुष्य तो म्हणतो तोच आहे काय, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परगावचा यजमान येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि उपाध्याय वही काढून त्याच्या आजोबांनी केलेली नोंद त्याच्यापुढे ठेवतो. ओळखीचा एवढा पुरावा बाळगणारे, आणि तरीही रोज अनोळखी माणसांनी भरणारे गाव सौम्य रहस्यकथेसाठी सेंट मेरी मीडहून कमी नाही. शिवाय जिल्ह्याच्या उत्तरेस अहिराणी आहे, म्हणजे तोंड उघडताच तालुका कळावा.

राहता राहिला शिफारशीचा प्रश्न. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. अशा संस्थेत मालेचा पुढचा भाग मागणाऱ्याला खिडकीपलीकडे उत्तर देणारे माणूस असते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही २००९ मध्ये सुरू झालेली योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेते आणि फिरवते. तिचे मोल मोठे आहे, परंतु पेटीत मालेचे एखादेच पुस्तक आले तर वाचकाला दुसऱ्या आणि पहिल्या कथेचा लाभ होतो, तिसरीचा होत नाही. पेटी भरणाऱ्याने एक तर क्रमनिरपेक्ष माला निवडावी, नाही तर सलग तीन भाग एकत्र घालावेत.

विद्यापीठीय ग्रंथालयांचा दोष याहून गंभीर आहे. अर्नाळकरांची पुस्तके स्वस्त कागदावर निघाली, भाड्याने फिरली आणि फाटली. ती अभ्यासाची मानलीच गेली नाहीत, म्हणून संग्रहातही फारशी आली नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावरील मुंबईची बोलभाषा, फौजदार व गुन्हेगार यांच्यातील तू-तुम्हीचा व्यवहार, इंग्रजी शब्दांचे तत्कालीन उच्चार या सर्वांची नोंद त्या पिवळ्या पानांत आहे, आणि मान्य लेखकांच्या कादंबऱ्यांत ती तितक्या विपुलतेने मिळत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी ही पुस्तके मागितली तर आज त्याला बहुधा जुन्या वाचकांच्या घरांकडे वळावे लागते. जी हाती लागतील त्यांच्या नोंदपत्रावर लेखक आणि शीर्षक यांच्या जोडीला मालेचे नाव, नायकाचे नाव आणि पुस्तकावर छापला असेल तर मालेतील क्रमांक, एवढे तीन रकाने तरी असावेत.