जागतिकीकरणाची समीक्षा आणि 'मुकादम' हा शब्द

१९९१च्या आर्थिक धोरणापाठोपाठ उपग्रहवाहिन्या आल्या, १९९५मध्ये भ्रमणध्वनी व आंतरजाल आले. आणि मराठी समीक्षेने या साऱ्यासाठी 'सांस्कृतिक आक्रमण' हे एकच रूपक पक्के केले. देशीयतेच्या मांडणीचा सैल आधार घेऊन (भालचंद्र नेमाडे यांचा युक्तिवाद याहून पुष्कळ व्यामिश्र आहे) साहित्यकृतीतील इंग्रजी शब्द आणि परदेशी वस्तूंची नावे मोजणे, हीच जणू जागतिकीकरणाची समीक्षा ठरली.

हे रूपक माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या परिसरात तपासून पाहावे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकटा मजूर असेल तर 'अर्धा कोयता'. माणसांची गणना हत्याराच्या नावाने होते. त्यांना बांधून ठेवते ती 'उचल', आणि ती देतो 'मुकादम'. यांतील एकही शब्द पश्चिमेकडून आलेला नाही. 'मुकादम' मूळचा अरबी; परंतु १९४८पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या मुलखात तो इतका मुरला आहे की त्याला कोणी परका म्हणत नाही. उलट 'रेंज', 'रिचार्ज', 'मिस कॉल' हे परके. पण उसाच्या फडावरची बाई गावी आजीपाशी ठेवलेल्या लेकराशी बोलते ती याच शब्दांच्या आधाराने. त्याच यंत्रावरून मुकादमही तिचा माग काढतो, हेही खरेच. यंत्र कोणाच्या बाजूचे, हे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून ठरत नाही.

परकेपणा हाच निकष मानणारी समीक्षा त्यामुळे शोषणाचे जुने, घरचे रूप नजरेआड करते. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीतील शेतकरी कुटुंबाची कोंडी अशा शब्दगणनेतून हाती लागणार नाही. शिकलेल्या मुलाला शेती आणि नोकरी दोन्हींनी नाकारावे, हे तिचे आशयद्रव्य आहे.

अरुण काळे यांच्या 'नंतर आलेले लोक' (२००६) या संग्रहाने तर शीर्षकातच प्रश्न उलटा केला. गावगाड्याने ज्यांना पाणवठ्यावर आणि शाळेच्या ओटीवर येऊ दिले नाही, त्यांना 'देशी' म्हणजे आपले, हे समीकरण सहज मान्य कसे व्हावे? संगणकाच्या दाराशीही ते पुन्हा उशिरानेच पोचतात. या कवितेला 'आक्रमणविरोधी' या खणात टाकले की तिच्यातील 'नंतर' हा शब्दच वाचायचा राहून जातो.