मुक्या कळीचे उमलणे : ‘श्यामची आई’मधील जखम आणि सावरणे

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, फेब्रुवारी १९३३मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून आपण ती मुलांना ‘संस्कारांचे पुस्तक’ म्हणून देत आलो आहोत. आई गेली तेव्हा मी नाशिकलाच नववीत शिकत होतो. समाचाराला आलेल्या एका गृहस्थांनी तेरा दिवसांच्या आत ती माझ्या हाती ठेवली आणि शहाण्यासारखे वागायला सांगितले. पुढे दोन वर्षे मी ती उघडली नाही.

उघडली तेव्हा मला उपदेशाआधी दिसली ती जखम. आई वारली तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर होता. तो पोहोचतो तो उशिरा. ‘भस्ममय मूर्ती’ या एक्केचाळिसाव्या रात्री चितेच्या राखेतही आईचा आकार टिकून आहे, आणि हात लागताच तो ढासळतो. किशोरवयीन शोकाची इतकी नेमकी प्रतिमा मराठीत मला दुसरी आढळलेली नाही. त्याच रात्री मथी मांजर येते. ती अन्न सोडते आणि आई गेली त्याच जागी प्राण सोडते. दुःख तिलाही आहे; ते सांगायला वाचा मात्र नाही.

इथे तिसरी रात्र आठवावी : ‘मुकी फुले’. पूजेसाठी जास्त फुले मिळावीत म्हणून मुले कळ्याच तोडून आणतात. आई समजावते, की फुलांना झाडावरच उमलू द्यावे. एरवी हा निसर्गप्रेमाचा पाठ म्हणून वाचला जातो. मथीच्या शेजारी ठेवला की तो दुःखाविषयीही बोलू लागतो. गुरुजींची आई १९१७ साली गेली. ते तेव्हा अठराही वर्षांचे नव्हते. पुस्तक लिहिले गेले पंधराहून अधिक वर्षांनी. ही कळी कुणी घाईने तोडली नाही.

ती उमलते कुठे, तर सोबत्यांमध्ये. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम रोज थोडे सांगतो, मित्र ऐकतात. बेचाळीस रात्रींची ही रचना केवळ कथनाची सोय नाही. सावरण्याची रीतच ती आहे. लॉरी हॅल्स अँडरसन यांच्या ‘स्पीक’ (१९९९) या अमेरिकी किशोरकादंबरीत अत्याचारानंतर अबोल झालेली मुलगी वर्षभर एक झाड चितारायचा प्रयत्न करते. झाड जमू लागते तशी तिला वाचा फुटते. काळ, देश, आघात सारे वेगळे. वाढ आणि वाचा यांचे नाते तेच.

एक उणीवही नोंदवायला हवी. श्यामचे दुःख फार लवकर भक्तीत विरघळते. सावकारी कर्जाने आईला झिजवले, त्याविषयीच्या संतापाला तेथे पुरेशी जागा मिळत नाही. आणि आपण नेमकी ही भक्तीच उचलून मुलांपुढे धरतो. रडायला लागलेला वेळ मात्र वगळतो.

म्हणून आता एखाद्या पोरक्या मुलाला हे पुस्तक देताना मी पहिल्या पानावर काही लिहीत नाही. एक्केचाळिसाव्या रात्री खूण घालतो, आणि कधी उघडलेस, हे विचारत नाही.