परक्या वाड्यातील आजी-आजोबा

मराठी प्रवासवर्णनातील प्रवासी कोण असतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. प्रवास कोठला, वर्णन कितपत सरस, विनोद किती आणि माहिती किती, एवढे पाहून आपण पुस्तक बाजूस ठेवतो. वास्तविक पाहता प्रवाशाची परिस्थिती हीच त्याच्या लेखनाची मर्यादा आणि तेच त्याचे भांडवल असते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या लहान मुलीला बरोबर घेऊन, शिक्षणाच्या ओढीने. त्यांच्या पत्ररूप 'इंग्लंडचा प्रवास'ला त्या परिस्थितीचे वजन आहे. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) नभोवाणीच्या सेवेतून प्रशिक्षणासाठी गेलेल्या माणसाची आहे. मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' तेथेच संसार थाटलेल्या डॉक्टर बाईंचे आहे. विद्यार्थिनी, पाहुणा आणि रहिवासी अशा या तीन भूमिका म्हणता येतील.

अलीकडे या तिघांच्या रांगेत एक चौथा प्रवासी येऊन उभा राहिला आहे. तो म्हणजे मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास गेलेले आजी-आजोबा. सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचा परवाना, आठवडाभर घरात नातवंडांची सोबत, आणि शनिवार-रविवारी जावयाच्या मोटारीतून एखादा जुना सरदारी प्रासाद व त्याभोवतालचे उद्यान, असा त्यांचा क्रम असतो. परत आल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत अथवा एखाद्या दिवाळी अंकात त्यांचा लेख येतो. असे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. त्यांचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही, कारण या प्रवाशाजवळ असलेले भांडवल आधीच्या तिघांजवळही नव्हते. त्याला घाई नसते. त्याने घर बांधलेले असते किंवा गमावलेले असते, आणि आपल्यामागे वस्तूंचे काय होणार हा प्रश्न त्याच्या उशाशी असतो. जुन्या घराकडे पाहावयास याहून अधिक योग्य माणूस कोण असणार? आणि तरीही हे लेख एकमेकांपासून ओळखू येऊ नयेत इतके सारखे का असतात?

याचे पहिले कारण असे की, आजोबा डोळ्यांनी पाहतात पण लिहितात ते माहितीपत्रकावरून. खोल्या किती, झुंबरे किती, चित्रे कोणाची, हे सारे बिनचूक उतरविलेले असते. ही तक्रार जुनी असल्याने तिच्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो उद्यानासंबंधीचा आहे. 'निसर्गाची मुक्त उधळण' हा शब्दप्रयोग या लेखांतून हटकून येतो. इंग्लंडमधील प्रासादांभोवतालचा हा 'निसर्ग' बहुधा अठराव्या शतकात मजूर लावून, माती वाहून, ओढे अडवून तयार केलेला आहे. लॅन्सेलॉट ब्राऊन (१७१६–१७८३) हा या कलेचा सर्वांत ख्यातनाम कारागीर. ब्लेनहाइम प्रासादापुढील जो तलाव पाहून आपली मंडळी हरखतात, तो त्याने ग्लाइम नावाची लहान नदी अडवून निर्माण केला. हिरवळ थेट क्षितिजापर्यंत अखंड दिसते आणि तिच्यावर चरणारी गुरे मात्र दिवाणखान्याशी येत नाहीत. यामागेही युक्ती आहे. मध्ये एक खंदक असतो. त्याची घराकडील बाजू उभी भिंत बांधून काढलेली आणि पलीकडील बाजू उतरती, त्यामुळे खिडकीतून तो दिसतच नाही. ज्याने आपल्या शेताला स्वतः कुंपण घातले आहे अशा आजोबांनी हा खंदक पाहिला, तर त्यांना त्यावर दोन पाने लिहिता यावीत. परंतु 'उधळण' हा शब्द एकदा कागदावर उतरला की खंदक दृष्टीआड होतो.

तिसरा दोष समारोपाचा. लेखाच्या शेवटी एक सुस्कारा ठरलेला असतो: 'त्यांनी जपले, आपण घालविले.' या वाक्यात दुःख खरे आहे, पण विचार थांबलेला आहे. त्यांनी जपले ते कसे? १८९४ मध्ये तेथे वारसांवर मृत्यूकर बसला. पुढे पहिल्या महायुद्धात अनेक घराण्यांचे वारस कामी आले. विसाव्या शतकात शेकडो प्रासाद पाडले गेले, हे आपल्या लेखांतून येत नाही. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला १९३७ च्या कायद्याने अशी घरे, त्यांच्या देखभालीच्या तरतुदीसह, स्वीकारता येऊ लागली, आणि पूर्वीच्या मालकांना तेथे राहण्याचीही सोय झाली. म्हणजे जपणूक हा केवळ स्वभावाचा गुण नव्हता. त्यामागे कर, कायदा, तिकीट आणि दालनात विनावेतन बसणारे निवृत्त स्वयंसेवक होते. आपण कार्यालयीन मंडळी. एखादी गोष्ट टिकते तेव्हा तिच्यामागे एक फाइल असते, हे आपल्याला तरी कोणी सांगावयास नको.

एवढे सर्वसाधारण विवेचन केल्यावर एक उदाहरण घेतो. ते घरचे आहे, आणि लेखकाच्या अनुमतीने घेत आहे. माझे आईवडील गेल्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीकडे डर्बी येथे राहून आले. वडिलांनी प्रवासाची वही लिहिली आणि 'जरा शुद्धलेखन पाहा' म्हणून माझ्याकडे कलकत्त्यास पाठविली. तीत केडलस्टन हॉल या प्रासादावर अकरा पाने आहेत. संगमरवरी दालनातील वीस स्तंभ त्यांनी मोजले आहेत. हे स्तंभ गुलाबी छटेच्या अलाबास्टर दगडाचे असून वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम होता, हेही नमूद आहे. उद्यानाच्या पानावर 'उधळण' आहे. या विस्तारासाठी १७५९ च्या सुमारास मूळचे केडलस्टन गाव उठवून दुसरीकडे वसविण्यात आले आणि जागेवर केवळ जुने चर्च राहिले, हे मात्र नाही. चर्चविषयी 'प्रासादाला अगदी खेटून, रम्य' एवढेच आहे. शेवटी अर्थातच सुस्कारा आहे.

ही पाने वाचताना मला प्रथम माझीच लाज वाटली. केडलस्टन हे लॉर्ड कर्झन याचे जन्मघर. १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने कलकत्त्यास स्वतःसाठी जो प्रासाद बांधविला, त्याचा आराखडा याच केडलस्टनवरून घेतलेला आहे. मूळ इंग्लिश घराला चार पंख योजले होते आणि दोनच बांधले गेले. कलकत्त्यात चारही पुरे झाले. या वास्तूला लोक वर्षानुवर्षे राजभवन म्हणत आले, आणि तिच्या कुंपणाजवळून मी सहा वर्षे कार्यालयात जात आहे. वडील माझ्याकडे आले असताना आम्ही दोघे सिंह बसविलेल्या कमानीखाली उभे राहून फोटो काढून घेतला होता. त्याच माणसाने वर्षभरात त्या घराचे मूळ पाहिले, अकरा पाने लिहिली, आणि ओळख पटली नाही. मलाही वही वाचून, आराखडे शेजारी ठेवून पाहीपर्यंत पटली नव्हती.

मराठी माणसाला ही ओळख पटावयास हवी होती. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. कलकत्त्याचा प्रासाद पुरा होत होता तेव्हा पेशवाईचे भवितव्य त्या तहात बांधले जात होते, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती हा त्याच वेलस्लीचा धाकटा भाऊ. डर्बीशायरच्या हिरवळीवर उभ्या असलेल्या साताऱ्याच्या आजोबांपासून हा इतिहास फार दूर नव्हता.

याच्या उलट टोकाचे लेखनही आता होऊ लागले आहे. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ९३ स्थळांचा वसाहतवाद व गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध दाखविणारा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हापासून काही लेखकांनी सुस्काऱ्याच्या जागी 'ही सारी आमचीच लूट' हे वाक्य बसविले आहे. बर्कशायरमधील बेसिल्डन पार्कसारख्या घराबाबत त्यात तथ्यही आहे. बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत गबर झालेल्या फ्रान्सिस साइक्सने ते बांधविले. पण केडलस्टनची मूळ वास्तू कर्झन घराण्याच्या तेथील जमिनीवरच्या वैभवातून उभी राहिली, आणि हिंदुस्थानातील वस्तू तेथे पुढे आल्या. सर्व घरांना एकच वाक्य लावणे ही माहितीपत्रक उतरविण्याइतकीच आळशी रीत होय. शिवाय कर्झनचा हिशेब सरळ नाही. १९०५ ची बंगालची फाळणी त्याची, आणि आपल्या प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा १९०४ चा कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. हे दोन्ही एकाच पानावर मांडण्याचे धैर्य प्रवासवर्णनकाराला हवे.

आता वडिलांच्या वहीतील दोन जागांकडे वळतो. त्यांच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

पहिली जागा लेडी कर्झनच्या झग्याची. १९०३ च्या दिल्ली दरबारातील नृत्यसमारंभासाठी तयार केलेला हा मोरपिसांच्या नक्षीचा झगा केडलस्टनला ठेवलेला आहे. त्यावरील जरदोजी हिंदुस्थानी कारागिरांनी भरली आणि शिवण पॅरिसच्या वर्थ यांच्या दुकानात झाली. पिसांच्या डोळ्यांच्या जागी भुंग्यांचे हिरवे पंख टाचलेले आहेत. वडिलांनी झग्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत आणि पुढे कंसात म्हटले आहे: 'सौ. येथे बराच वेळ थांबली.' आईला मी फोनवर विचारले, एवढे काय पाहत होतीस? ती म्हणाली, "अरे, उलटी बाजू दिसते का ते पाहत होते. टाका मागून कळतो. आणि तो भरणाऱ्याचे डोळे किती वर्षे टिकले असतील, तेही मनात आलं." अकरा पानांत जे नाही ते या तीन वाक्यांत आहे. आईने आयुष्यभर भरतकाम केले, आणि चष्म्याचा नंबर वाढल्यावर ते सोडले. प्रवासवर्णनात मात्र ती कंसात राहिली.

दुसरी जागा याहून लहान आहे. दालनातील वृद्ध स्वयंसेवकाशी झालेल्या संभाषणाबद्दल वडील लिहितात: 'छपराच्या दुरुस्तीच्या खर्चाबाबत चौकशी केली.' यापुढे पूर्णविराम आणि नवा परिच्छेद. हे वाक्य आम्हां कारकुनांच्या भाषेतले आहे. त्यात कर्ता लपतो आणि कारण तर लागतच नाही. परंतु मला ते कारण ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातील आमचा वाडा गेला तो छपरामुळे. तीन पावसाळे गळती वाढत गेली. दुरुस्तीत कोणाचा वाटा किती यावर चुलत्यांचे एकमत झाले नाही. अखेर सर्वांच्या सह्या झाल्या त्या विक्रीच्या कागदावर. सागवानी खांब जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने नेले. वडिलांनी परक्या वाड्यात उभे राहून जो एकच प्रश्न विचारला, तो त्या छपराविषयीचा होता.

या नव्या प्रवाशाकडून आपली अपेक्षा असावी ती एवढीच. त्याने खांब मोजावेत, सनावळी द्यावी, शक्य तर खंदकही पाहावा. पण आपण तो प्रश्न का विचारला, हे वाचकाला सांगावे. आपणां बदलीच्या नोकरीतील लोकांना याचे महत्त्व अधिकच. सरकारी निवासस्थानांत आयुष्य काढताना घर म्हणजे खोल्यांची श्रेणी आणि ताबापत्र अशीच आपली समजूत होत जाते. उद्या आपल्यांतील कित्येकजण मुलांकडे परदेशी जातील, असेच प्रासाद पाहतील आणि अशाच अंकांतून लिहितील.

शुद्धलेखन तपासून वही मी वडिलांना परत पाठविली आहे. चुका फारशा नव्हत्या. समासात दोनच खुणा केल्या आहेत, एक झग्याजवळच्या कंसापाशी आणि दुसरी छपरापुढच्या पूर्णविरामापाशी. 'येथे जागा अपुरी वाटते, वेगळा कागद जोडावा' असा शेरा लिहिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आई म्हणते, वही टेबलावर उघडी असते.