‘शेतकऱ्याचा मित्र’ या युक्तिवादाची मर्यादा : वटवाघूळविषयक मराठी लेखनाची चिकित्सा

मराठीतील निसर्गविषयक लेखन वटवाघळाची बाजू मांडताना प्रायः एकाच युक्तिवादाचा आश्रय घेते : वटवाघूळ हे शेतकऱ्याचे मित्र आहे. उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या किंवा कीटकभक्षी पाकोळीच्या संदर्भात हे विधान टिकते. फलाहारी वटवाघळास मात्र ते जसेच्या तसे लागू करणे हा लेखनाचा आळस होय. पाटोदा परिसरात ज्याने आपल्या पेरूच्या झाडांवर जाळी टाकली आहे, त्याला सकाळी झाडाखाली चोथा दिसतो. त्याचा अनुभव खोटा ठरविणारे लेखन त्याच्यापर्यंत पोहोचणार तरी कसे?

कायद्याची भाषाही दीर्घकाळ या प्राण्याच्या विरोधातच होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर व घुशी यांच्या पंक्तीस फलाहारी वटवाघळे ‘उपद्रवी’ म्हणून बसविली होती. २०२२ च्या सुधारणेने ही अनुसूचीच रद्द केली. १ एप्रिल २०२३ पासून मोठे भारतीय वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे. तथापि कलम ६२ अन्वये दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यास विशिष्ट क्षेत्रापुरते व मुदतीपुरते उपद्रवी घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे.

येथे पाटोदा तालुक्याचेच उदाहरण उद्बोधक ठरावे. याच तालुक्यात १९९४ साली सुमारे ३० चौ.कि.मी. क्षेत्राचे नायगाव मयूर अभयारण्य घोषित झाले. मोरही पेरलेले दाणे टिपतो, कोवळी रोपे खुडतो. तरीही त्याच्या उपयुक्ततेचा हिशेब कोणी मागत नाही. म्हणजे प्रश्न नुकसानीचा नसून रूपाचा आहे, हे लेखकांनी मान्य करावयास हवे. वड, उंबर, पिंपळ यांच्या बिया उघड्या माळावर नेऊन टाकणारे आणि मोहासारख्या फुलांचे परागीभवन करणारे जनावर मात्र आपल्या अस्तित्वाचे समर्थन देत बसते. (वास्तविक ‘वटवाघूळ’ या नावातच वड आहे.)

उपयुक्ततेच्या या आग्रहामुळे प्रत्यक्ष मार्गदर्शन मागे पडते. जाळीत, मांजात वा वीजतारांत अडकलेले वटवाघूळ सापडले असता काय करावे, हे आपल्या लेखांत क्वचितच आढळते. उघड्या हातांनी स्पर्श करू नये, कारण चाव्यातून रोगसंसर्गाचा धोका असतो. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने धुऊन तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत. जाळी ओढू नये. पंखांचे पातळ पडदे फाटतात, म्हणून जाळीच कापावी. जाड कापडात गुंडाळून, हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवावे आणि वनविभागास कळवावे. लगतच्या शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. जमिनीवर पडलेले मोठे वटवाघूळ तेथून सहजी उड्डाण करू शकत नाही, त्यास उंचावरून लटकण्याचा आधार लागतो. ही साधी बाब ठाऊक नसल्यामुळे धडधाकट प्राणीही मरणोन्मुख समजला जातो. मादी वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू देते; जाळीत एक मादी गेली की थव्याची ती तूट लवकर भरून येत नाही.

जाळीविषयीची चर्चा तर आपल्याकडे जवळजवळ नाहीच. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरगुती फळझाडांसाठी पूर्ण ताणलेल्या स्थितीत ५ मि.मी.पेक्षा मोठ्या छिद्रांची जाळी वापरण्यास मनाई आहे. बोट आत जात नसेल अशी जाळी ताणून बांधली, तर फळही वाचते आणि वटवाघूळही अडकत नाही. बागाईतदाराशी वाद न घालता त्याला सांगता येईल असे हे एक वाक्य आहे.