केनियांतील किकुयु गांव व त्याचा साक्षीदार

पुढें केनियाचे अध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांचा ‘फेसिंग मौंट केनिया’ हा १९३८ चा ग्रंथ आम्ही मुद्दाम दप्तरांच्या अभ्यासकांपुढें ठेवीत आहों. नदीच्या वाळूंतून लोहकण धुवून काढणें, स्त्रियांनीं मडकीं घडविणें, शेजाऱ्यांनीं मिळून एका दिवसांत झोंपडी उभारणें, हे भाग फार सरस उतरले आहेत. लेखक त्याच समाजांतला, हें ओळीओळींतून दिसतें. यावरून गांव सर्वस्वी स्वयंपूर्ण होतें असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. मसाई लोकांशीं होणारी देवघेव याच ग्रंथांत आली आहे.

शिवाय येथें साक्षीदार हाच वादीही आहे. किकुयु संघाच्या वतीनें जमिनीची कैफियत घेऊन ते १९२९ सालीं विलायतेस गेले होते. तेव्हां जमिनीचें प्रकरण जपून वाचावें, पण टाकूं नये. तेथें शेताची शीव वडीलधाऱ्यांसमक्ष झाडें व लिलीचे कंद लावून ठरे. महजर नव्हता, शिक्का नव्हता, साक्षी होत्या. १९१५ च्या कायद्यानें ती सारी जमीन सरकारची ठरली. कागदावांचून पुरावा नाहीं असें म्हणणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांनीं एवढें प्रकरण तरी अवश्य पाहावें.