भट्टी, हंडा आणि पाणी

दुःखाने मनुष्य शुद्ध होतो ही कल्पना इतकी रूढ आहे, की हिब्रू संदेष्ट्यांच्या वाङ्मयातही वाचक तिचाच शोध घेऊ लागतो. अग्नीत तावून निघणाऱ्या सोन्याची उपमा भारतीय वाचकाला तर अतिपरिचित. यहेज्केलचा ग्रंथ मात्र या समजुतीला छेद देतो. त्याचे वाङ्मयीन सामर्थ्यही त्यातच आहे.

इ. स. पू. ५९७ मध्ये राजा यहोयाखीन याच्याबरोबर यहूदातील जे लोक बाबेलला नेण्यात आले, त्यांत याजककुळातील यहेज्केल होता. निर्वासनाच्या पाचव्या वर्षी, खबार नदीच्या काठी, त्याला पहिले दर्शन घडले. यरुशलेम अद्याप उभे होते आणि निर्वासितांची आशा त्याच्यावर खिळली होती. ही आशा मोडणे हेच ग्रंथाच्या पूर्वार्धाचे कार्य होय.

बाविसाव्या अध्यायात इस्राएल भट्टीत पडते. तांबे, कथील, लोखंड, शिसे सारे वितळते. पण शुद्ध रुपे हाती आल्याचा उल्लेख नाही. प्रजाच मळी झालेली आहे. चोविसाव्या अध्यायात, वेढा पडला त्या दिवशी, यरुशलेम कळंक चढलेल्या हंड्याच्या रूपाने येते. आतील मांस शिजते, हाडे जळतात, रिकामा हंडा निखाऱ्यांवर तापतो. तरी कळंक सुटत नाही. त्याच अध्यायात संदेष्ट्याची पत्नी मरण पावते आणि त्याला शोक करण्याचीही मुभा उरत नाही. न्याय येथे पूर्ण आहे, शुद्धी नाही.

शुद्धी येते ती छत्तिसाव्या अध्यायात, नगर पडल्याची वार्ता पोहोचल्यानंतर; आणि ती अग्नीने नव्हे, शिंपडलेल्या पाण्याने. प्रतिमेतील हा पालट आकस्मिक नाही. अग्नी धातूचा कस पाहतो; पाण्याचा संस्कार मात्र याजकाच्या हातून, बाहेरून होतो. अठराव्या अध्यायात लोकांनी स्वतःच नवे हृदय घडवावे अशी आज्ञा होती. येथे पाषाणाचे हृदय काढून मांसाचे हृदय देणे हे परमेश्वराचे कार्य ठरते. ही विसंगती मानून सोडून देता येत नाही. आज्ञेमुळे मनुष्याची जबाबदारी सिद्ध होते, दानामुळे त्याची असमर्थता. आणि या दोहोंमध्ये यरुशलेमचा विनाश उभा आहे.

तथापि हे दान प्रजेच्या गुणांसाठी नाही, परमेश्वराच्या नावासाठी आहे. हे वचन आधुनिक वाचकाला कठोर वाटते, आणि ते कठोर आहेच. किंबहुना करुणेची भाषा येथे जवळजवळ मौन पाळते. परंतु या कठोरतेतच निर्वासितांची एका मोहातून सुटका आहे. आपण सोसले, म्हणून आपण पवित्र झालो, असे त्यांना म्हणता येत नाही. पराभूतांच्या वाङ्मयात वेदना सहज पुण्य होऊन बसते. यहेज्केल तिला तो मान देत नाही. म्हणूनच त्याच्या ग्रंथातील आशा सांत्वनापेक्षा अधिक टिकाऊ ठरते.