ई-मेल प्रमाणीकरण : ओळख आणि संमती

१९८२ साली निश्चित झालेल्या एसएमटीपी या संदेशवहन-नियमावलीत प्रेषकाचे नाव पडताळण्याची सोयच नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, असा तो प्रकार होता. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय आले. एसपीएफ पाठविणारा सर्व्हर अधिकृत आहे का हे तपासते, डीकेआयएम संदेशावर डिजिटल स्वाक्षरी करते आणि यांपैकी किमान एकाचे डोमेन वाचकाला दिसणाऱ्या प्रेषक-पत्त्याशी जुळते का, हे डीमार्क पाहते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रेषकांना हे तिन्ही बंधनकारक केले.

तथापि, विपणन-क्षेत्रात या अटीचा अर्थ अनेकदा सोयीने लावला जातो. डीमार्कचे धोरण 'नन' ठेवले तरी अट पूर्ण होते. म्हणजे तोतया संदेश अडविण्याची कोणतीही सूचना न देता नियमपालनाचे समाधान लाभते! शिवाय प्रमाणीकरणाने सिद्ध होते ती प्रेषकाची ओळख, प्राप्तकर्त्याची संमती नव्हे. विकत घेतलेल्या यादीवर पाठविलेला संदेश रीतसर स्वाक्षरी असूनही नकोसाच ठरतो. म्हणूनच गूगलने स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखण्याची, तसेच जाहिरात-संदेशांत एका क्लिकने नोंदणी रद्द करू देण्याची अट स्वतंत्रपणे घातली आहे.